मदत हवी आहे: टेम्पोच्या सीटच्या पाठीत हवेचा फुगा बसवायचाय. जागा, दाब आणि कापड कसं ठरवू?

सीटमेकर_सांगली

नमस्कार मंडळी. सांगलीत माझं सीटमेकिंगचं दुकान आहे. कव्हरं शिवणं, फोम बदलणं, टेम्पो-ट्रकच्या सीटा मुळापासून भरून देणं ही रोजची कामं. गिऱ्हाइकांत बरेचसे रात्रीचे भाजीपाला नि द्राक्षं घेऊन वाशी मार्केटला जाणारे. त्यांचं एकच गाऱ्हाणं असतं, कराड मागं पडलं की कंबर धरते.

उशी दिली तर ती घसरून खाली बसते. पाठीतच फोमचा उंचवटा चिकटवून दिला तर एकाला बरा वाटतो आणि त्याच गाडीवरच्या बदली ड्रायव्हरला टोचतो. म्हणून कमरेपाशी कमी-जास्त करता येईल असा हवेचा फुगा करायचं डोक्यात घेतलंय. महागड्या कारमध्ये असतो तसा, पण हातपंपावर चालणारा.

पहिला नमुना असा आहे: स्कूटरच्या ट्यूबचा तुकडा, दोन्ही टोकं व्हल्कनाइझ करून बंद, एक नळी, बीपीच्या मशीनचा रबरी पंप आणि हवा सोडायला त्याचाच पितळी स्क्रू. फुगा फोमच्या मागे, झिगझॅग स्प्रिंगांवर टेकवलाय.

अडचणी सांगतो. फुगवला तरी निम्मा मागच्या बाजूलाच जातो, पाठीला आधार कमी आणि मधोमध गोळा जास्त लागतो. सीटपासून किती उंचीवर बसवायचा ते कळत नाही. दाब मोजायला टायरचा गेज लावला तर काटा हलत नाही. आणि सगळ्यात गोंधळात टाकणारी गोष्ट म्हणजे, दुपारी सांगलीत भरलेला फुगा पहाटे वाशीत मऊ पडलेला असतो. पाण्यात बुडवून बघितला, एक बुडबुडा नाही. मग हवा जाते कुठं?

शेवटचं, मोठ्या ट्रकला ब्रेकच्या टाकीतून हवा घेतली तर चालेल का? ड्रायव्हर लोकच विचारतात.

तक्क्या

टॉवेलची गुंडाळी आणि सुतळी. तुमचा धंदा बुडवायचा हेतू नाही, पण वीस रुपयांत काम होतं.

सीटमेकर_सांगली

तक्क्यासाहेब, टॉवेल सगळ्यांनी करून झालाय. खंबाटकी उतरेपर्यंत तो कुल्ल्याखाली असतो.

कंबरेची_ताई

मी फिजिओथेरपिस्ट आहे, ड्रायव्हर पेशंट भरपूर बघते. जागेचं आधी बोलते, कारण दाबापेक्षा तिथेच जास्त चुकतं.

बसलं की माकडहाडाचा भाग पुढे सरकतो, ओटीपोटाचं हाड मागे कलतं आणि उभं असताना कमरेला असलेली आतली कमान सपाट होते. आधार त्या कमानीला द्यायचा, म्हणजे कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या आसपास. दुकानात शोधायची सोपी खूण सांगते. दोन्ही हात कमरेवर ठेवून खुब्याच्या हाडाचा वरचा काठ चाचपा. ते दोन काठ जोडणारी आडवी रेघ साधारण चौथ्या मणक्यावरून जाते. फुग्याचा मध्य त्या रेघेवर किंवा बोटभर वर. बहुतेक माणसांत ही जागा सीटपासून १५ ते २५ सेंटिमीटरच्या दरम्यान येते. पण हे माप माणूस बसल्यावर दबलेल्या सीटपासूनचं आहे. रिकाम्या सीटवर पट्टी लावून मोजलंत तर फोम जितका दबतो तितका फुगा खाली येईल आणि आधार कमरेला न मिळता त्रिकास्थीला, म्हणजे कमरेखालच्या तिकोनी हाडाला मिळेल. मग माणूस पुढे ढकलला जातो आणि आणखी वाकडा बसतो.

दुसरं, फुग्याच्या खाली पाठ रिकामी हवी. सीटपासून वरचा १२ ते १५ सेंटिमीटरचा पट्टा आत गेलेला असला पाहिजे, म्हणजे नितंबांना मागे सरकायला जागा मिळते. तुम्ही मंडळी पाठ वरपासून खालपर्यंत एकसारखी टच्च भरता, दिसायला छान दिसते. पण त्या पाठीत जगातला कुठलाही फुगा बसवा, कंबर त्याच्यापर्यंत पोचणारच नाही.

आधाराचा उपयोग होतो का, असं कुणी विचारेल म्हणून थोडं सांगते. स्वीडनमध्ये नाखेमसन आणि नंतर १९७० च्या दशकात अँडरसन आणि सहकारी यांनी मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजले होते. पाठ मागे कलली आणि कमरेला आधार मिळाला की चकतीवरचा दाब कमी होतो, हे त्यातून दिसलं. बसणं उभं राहण्यापेक्षा चकतीला जड, हेही तिथूनच सगळीकडे पसरलं. ते मात्र १९९९ मध्ये जर्मनीत विल्के यांच्या मोजणीत तसं आढळलं नाही. अर्थात तो एकाच माणसावरचा प्रयोग होता. म्हणून "डिस्क बरी करणारी सीट" असलं काही दुकानावर लिहू नका. स्नायूंचा शीण कमी होतो, बसणं बदलता येतं, एवढं पुरेसं आहे.

आणि उभं असतानाची पूर्ण कमान परत आणायचा हट्ट नको. मिशिगन विद्यापीठाच्या वाहतूक संशोधन संस्थेत १९९० च्या दशकात याच विषयावर काम झालं. मोठा उंचवटा दिला तरी ड्रायव्हर उभ्या माणसाइतकी कमान करून बसत नाहीत, बऱ्यापैकी सपाट कंबरेनेच चालवतात. तेव्हा दोन-अडीच सेंटिमीटर पुढे येणारा फुगा बहुतेकांना भरपूर. दर तासाभराने थोडी हवा कमी-जास्त करायला सांगा. एकाच आधारावर सहा तास बसणं हाही त्रासच आहे.

आसनशास्त्र

पुण्यात सीट डिझाइनमध्ये नोकरी करतो. ताईंनी निम्मं काम केलंय, उरलेलं यंत्राचं मी सांगतो.

फुगा मागे जातो कारण त्याला मागे पाट नाही. झिगझॅग स्प्रिंगांवर फुगा ठेवणं म्हणजे सैल नवारीच्या खाटेवर उशी ठेवून ती वर उचलली जाईल अशी अपेक्षा धरणं. मागे कडक पाठफळी द्या. प्लायवुड नको, धडकेत चिरफळ्या होतात. ३ मिलिमीटरची एचडीपीई किंवा पॉलिप्रॉपिलिन अशा कडक प्लास्टिकची शीट घ्या, २५ ते ३० सेंटिमीटर रुंद, कडा गोल, आडवी किंचित वाकवलेली. ती स्प्रिंगांना क्लिपने अडकवा. सीटच्या चौकटीला भोक पाडायचं नाही, रुळांना आणि पट्ट्याच्या बोल्टांना हात लावायचा नाही. ज्या कारच्या सीटमध्येच साइड एअरबॅग असते ती तर उसवायचीच नाही.

आता माझं खरं म्हणणं. हवेकडून उंचीचं काम करून घेऊ नका. मोठ्या कंपन्या एकावर एक दोन-तीन फुगे लावतात आणि व्हॉल्व्हने खालचा-वरचा निवडतात. तुम्हाला तो खटाटोप नको. पाठफळीवर रुंद वेल्क्रोची उभी पट्टी लावा, फुग्याच्या मागे दुसरा वेल्क्रो, आणि कव्हरला मागून चेन. ड्रायव्हर बदलला की फुगा चार बोटं वर-खाली सरकवता येईल. उंची वेल्क्रोने, जाडी हवेने. पाठीचा मूळ आकार मात्र फोमनेच द्यायचा, हवा फक्त शेवटच्या दोन सेंटिमीटरसाठी.

दाबाचा हिशेब अगदी साधा आहे. पाठ टेकते तो भाग समजा २० बाय १० सेंटिमीटर, म्हणजे २०० चौरस सेंटिमीटर. फुग्यात ५ किलोपास्कल दाब असेल तर पाठीवर १०० न्यूटन, म्हणजे साधारण १० किलो वजनाइतका जोर. पुरे झालं. हे ५ किलोपास्कल म्हणजे पाऊण पीएसआयच्या आत, टायरच्या गेजवर काटा कशाला हलेल? तुमच्याकडे बीपीचा पंप आहेच, त्याचाच घड्याळी गेज टी-जोड घालून लावा. ५ किलोपास्कल म्हणजे त्यावर ४० च्या (मिलिमीटर पारा, बीपी मोजतात तेच माप) थोडंसं खाली. योगायोग म्हणजे कंबरेच्या व्यायामासाठी पाठीखाली ठेवायची हवेची पिशवी फिजिओ लोकही ४० पर्यंतच भरतात. ताई, बरोबर ना?

याच आकड्यांमुळे ब्रेकच्या टाकीचं उत्तरही मिळतं. तिथे शंभर पीएसआयच्या वर हवा असते, तुम्हाला पाऊण हवी. फुगा फुटेल हे सोडाच, ब्रेकच्या हवेला परस्पर फाटा काढणं हाच गुन्हा समजा. ज्या ट्रकला कंपनीचीच हवेवरची सीट येते, त्यात ब्रेकचे सर्किट सुरक्षित ठेवणारा व्हॉल्व्ह मध्ये असतो. आणि तुमच्या छोट्या टेम्पोंचे ब्रेक हायड्रॉलिक, तिथे टाकीच नाही. हातपंपच ठेवा.

कापड: ट्यूब टिकाऊ, ब्युटाइलची असेल तर हवाही उत्तम धरते. पण ती ताणते आणि फुगली की गोल नळकांडं होते. तुमचा "गोळा" तोच. न ताणणारं कापड घ्या, टीपीयूचा (लवचिक प्लास्टिकचा) थर दिलेलं नायलॉन. हवेच्या गाद्या किंवा रेनवेअर करणाऱ्यांकडे हाय फ्रिक्वेन्सी वेल्डिंग मिळतं, त्यांच्याकडून कडा मारून घ्या आणि मधे दोन-तीन तुटक उभ्या रेघाही वेल्ड करा, म्हणजे फुगा चपटा राहतो. पीव्हीसी स्वस्त पडेल, पण उन्हात तापून काही काळाने कडक होतं आणि घडीवर चिरतं. कापड, फोम, रेक्झिन जे घ्याल ते आयएस १५०६१ या भारतीय मानकाप्रमाणे आगीच्या चाचणीतलं आहे का, विक्रेत्याला विचारा. फुग्यावर २० ते २५ मिलिमीटरचा मऊ फोम. डेन्सिटीवर जाऊ नका, डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे, हाताने दाबून घ्या.

कंबरेची_ताई

४० चं बरोबर आहे, पण आमच्याकडे ते पाठीवर झोपलेल्या माणसासाठी असतं. सीटमध्ये ४० हे वरचं टोक धरा आणि ड्रायव्हरला २० पासून सुरुवात करू द्या.

घाटावरचा_मास्तर

वाशीच्या कोड्याबद्दल कुणीच बोललं नाही. मी भौतिकशास्त्र शिकवतो, राहवत नाही.

सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर. तिथे हवेचा दाब सुमारे ९५ किलोपास्कल, वाशीत १०१. फुग्यातला दाब नेहमी बाहेरच्या दाबाच्या वर मोजायचा. म्हणजे आतला एकूण दाब सांगलीत १०० आणि वाशीत, पाठ तितकीच टेकलेली असेल तर, १०६. तीच हवा खंडाळा उतरल्यावर सुमारे ६ टक्के कमी जागेत मावते. शिवाय दुपारी बंद केबिनमध्ये भरली तेव्हा ती ५० अंशांवर असेल, पहाटे २५ वर. केल्विनमध्ये ३२३ वरून २९८, आणखी जवळपास ८ टक्के गेले. दोन्ही मिळून १३ टक्के. फुग्यात ६०० मिलिलिटर हवा असेल तर ७८ मिलिलिटर, म्हणजे २०० चौरस सेंटिमीटरवर जाडी ४ मिलिमीटरने कमी. कमरेला हे कळतंच.

तेव्हा तुमचा फुगा गळत नाही. पंपाचे दोन-तीन दाब मारले की झालं.

उलट काळजी परतीची करा. वाशीत पहाटे ४० वर भरला आणि सांगलीत दुपारी गाडी उन्हात बंद करून ठेवली, केबिन ६० अंश. फुगा जराही पसरला नाही असं धरलं तर आतला दाब गेजवर १७० च्या पुढे जातो.

आसनशास्त्र

मास्तर, हिशेब पटला, पण १७० हे टोकाचं झालं. ड्रायव्हर उतरला की पाठीचा भार जातो, फुगा आधी पसरतो आणि दाब पडतो. मग उन्हाने चढतो. प्रत्यक्षात इतका जाणार नाही.

घाटावरचा_मास्तर

मान्य. पण आधीच काठोकाठ भरलेला, न ताणणारा फुगा असेल तर पसरायला जागाच कुठली? तुम्हीच ताणणारी ट्यूब काढायला सांगितलीत.

आसनशास्त्र

तेही खरं. मग वेल्डिंगवाल्याकडून आलेला प्रत्येक फुगा दुकानात २५० वर भरून, दोन फळ्यांत दाबून रात्रभर ठेवायचा. सकाळीही मोजायचा, त्याच तपमानाला. दाब पडला तर आधी पितळी स्क्रूवर साबणाचा फेस लावा. पिशवीपेक्षा तिथूनच जास्त गळतं. आणि ड्रायव्हरला शिकवायचं, गाडी उन्हात लावताना स्क्रू मोकळा.

सीटमेकर_सांगली

सगळ्यांचे आभार. वाशीचं वाचून दुकानातली पोरं हसायला लागली, दोन जणांना मी फुकट नवीन नळी घालून दिली होती.

दोन शंका राहिल्या. आमच्या काही टेम्पोंत सीट मागच्या भिंतीला चिकटलेली असते, मागे सरकत नाही. पाठफळी, फुगा, वर फोम, म्हणजे ड्रायव्हर पुढे येणार आणि क्लच जवळ पडणार. आणि पंप कुठं लटकवू?

आसनशास्त्र

तिथे मूळ फोम मागून कोरा. फळी आणि रिकामा फुगा त्या खाचेत बसून समोरची पाठ होती तितकीच राहिली पाहिजे. हवा भरल्यावरच ती पुढे यावी. कोरायला जागाच नसेल तर त्या गाडीला फुगा बसवू नका, फक्त ताई म्हणाल्या तसा खालचा पट्टा रिकामा करून द्या. निम्मं काम त्यातच होईल.

पंप सीटच्या उजव्या बाजूला, दाराकडे, बसकणीच्या कडेला कापडी खिशात. डावा हात गिअरला असतो. नळी पाठीच्या आतून आणा आणि पाठ व बसकण जिथे मिळतात तिथे सैल वळण ठेवा, नाहीतर सीट कलवली की चिमटेल. लोंबती नळी पेडलपर्यंत पोचेल इतकी लांब अजिबात ठेवू नका.

मापांसाठी एक पुस्तक घ्या. एनआयडी (राष्ट्रीय डिझाइन संस्था), अहमदाबादने १९९७ मध्ये काढलेलं देबकुमार चक्रबर्ती यांचं भारतीय शरीरमापांचं. परदेशी तक्ते बघून पाठीची रुंदी ठरवू नका.

सीटमेकर_सांगली

घेतो. कोरलेल्या पाठीची पहिली सीट वाशीच्याच एका ड्रायव्हरला देतोय, गेज लावूनच. तो आकडे फोनवर सांगेल, मी इथं टाकतो.

तक्क्या

आणि टॉवेल राहू द्या गाडीत. घाम पुसायला लागतो.