ऑल-व्हील-ड्राइव्ह: एकच टायर फाटला, चारही बदलायचे का?

प्रश्न: माझी गाडी ऑल-व्हील-ड्राइव्ह आहे, म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना जाते. मागच्या उजव्या टायरच्या साइडवॉलला (बाजूच्या भिंतीला) चीर गेली आहे. बाकी तिघांची नक्षी (खाचांची खोली) 5 मिमी उरली आहे. एकच नवा टाकला तर चालेल का?

उत्तर १: साइडवॉलला पॅच लागत नाही, टायर गेलाच म्हणा. नव्याची नक्षी साधारण 8 मिमी असते. म्हणजे त्रिज्येत 3 मिमी आणि घेरात जवळपास 19 मिमी फरक. लहान चाक सतत जास्त फेरे मारतं. तो फरक डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) आणि मधला क्लच (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारा) रात्रंदिवस गिळत बसतात. तेल तापतं, क्लचच्या प्लेटा झिजतात. बऱ्याच कंपन्या 2 ते 3 मिमीच्या आतच फरक चालवतात, काही त्याहून कडक. मॅन्युअलचा आकडा अंतिम.

उत्तर २: आधी नीट मोजा. डेप्थ गेज (खोली मोजायचं साधन) आतल्या, मधल्या, बाहेरच्या खाचेत, तिन्हीकडे लावा. हवा चारही चाकांत सारखी हवी. नवा टायर त्याच मापाचा, त्याच मॉडेलचा घ्या.

उत्तर ३: मागे दोन नवे टाकून सुटका होईल असं वाटतं, पण मग पुढच्या-मागच्या ॲक्सलचा फरक मधल्या क्लचवर येतो. त्यापेक्षा नवा टायर मशीनवर घासून 5 मिमीवर आणता येतो. मात्र हे काम करणारे कमीच. नाहीतर चारही बदला. वळताना गाडी अडखळल्यासारखी, धक्के देत चालली तर गाडी उभी करा.