पद्मिनीचं जादा इंजिन विकायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. महिनाअखेरीस आम्ही नाशिकच्या इंदिरानगरचं घर सोडून पुण्याला जातोय. बाबांची प्रीमियर पद्मिनी सोबत येईल, पण तिचं जादा इंजिन ठेवायला तिथे जागा नाही.

१०८९ सीसी, चार सिलिंडर, पेट्रोल. कार्बोरेटर आणि डिस्ट्रिब्युटर जागेवर आहेत, डायनॅमो नाही. बाबा दर पावसाळ्याआधी प्लग काढून प्रत्येक भोकात चमचाभर ऑइल सोडायचे; ते गेल्यावर मी सोडतो. कालच पुलीच्या नटाला पाना लावून फिरवून पाहिलं, क्रँक अडखळत नाही. कॉम्प्रेशन मात्र तपासलेलं नाही.

भंगारवाला किलोवर मागतोय. मन होत नाही. चालत्या गाडीत बसावं, एवढीच इच्छा.

सातपूर-अंबडकडे जुन्या फियाट-पद्मिनीची कामं करणारा कोणी विश्वासू मिस्त्री माहीत आहे का? भाव काय सांगावा? शिवाय इंजिन नंबर आरसीवर असतो, म्हणजे घेणाऱ्याला तो आरटीओत बदलून घ्यावा लागेल. त्यासाठी मी विक्रीची पावती दिली तर पुरेल का? जुनं खरेदीबिल बाबांच्या फाइलमध्ये सापडलंय.

उचलायला चेन-पुली लागेल, टेम्पोपर्यंत मी मदत करेन.