आईवडिलांच्या मुंबई–न्यू जर्सी प्रवासासाठी स्वस्त विमान तिकीट : मदत हवी आहे

नमस्कार. पुढील उन्हाळ्यात आईवडिलांना न्यू जर्सीतील बहिणीकडे पाठवायचे असून त्यांच्यासाठी मुंबईहून जाऊन-येऊन तिकीट शोधत आहे. शाळांच्या सुट्ट्यांमुळे मे महिन्यात भाडे चढते, म्हणून एप्रिलमधील मंगळवार-बुधवारच्या तारखा आणि नेवार्कसोबत न्यूयॉर्कचे जेएफके विमानतळही पाहतो आहे. गूगल फ्लाइट्सवर भाव उतरल्याची सूचनाही लावली आहे. (ब्राउझर खासगी पद्धतीने उघडल्यास भाडे कमी दिसते, ही ऐकीव गोष्ट मला पटत नाही.)

खरा पेच असा, की मुंबई ते अबू धाबी आणि तेथून पुढे अशी दोन वेगळी तिकिटे काढल्यास बेरीज कमी येते. परंतु पहिले विमान उशिरा पोहोचल्यास पुढच्या कंपनीवर जबाबदारी राहत नाही आणि बहुतेक वेळा सामानही पुन्हा स्वतःच जमा करावे लागते, जे व्हीलचेअर लागणाऱ्या सत्तरीतील प्रवाशांना झेपणारे नाही. त्यामुळे एकाच पीएनआरवरील, एकच थांबा असलेले आणि परतीची तारीख बदलता येईल असे तिकीट साधारण किती महिने आधी काढल्यास परवडते? ट्रॅव्हल एजंटकडे खरोखर कमी दर मिळतो का? अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.