मदत हवी आहे : कच्च्या कैद्याला पुस्तके आणि चष्मा पोहोचवण्याबाबत

नमस्कार. माझा मावसभाऊ 4 महिन्यांपासून न्यायालयीन कोठडीत असून त्याच्यावरील खटला अद्याप सुरू झालेला नाही. मागील मुलाखतीच्या वेळी आम्ही नेलेली अभ्यासाची 2 पुस्तके, कोऱ्या वह्या आणि जादा चष्मा कारागृहाच्या दारातूनच परत करण्यात आला. कारण विचारले असता 'नियमात बसत नाही' एवढेच तोंडी उत्तर मिळाले. (कपडे मात्र विनातक्रार घेतले.)

1894 च्या कारागृह अधिनियमाच्या कलम 31 नुसार कच्च्या कैद्याला, तपासणी आणि नियमांच्या अधीन राहून, बाहेरून अन्न, कपडे, अंथरूण व इतर आवश्यक वस्तू घेता येतात. शिवाय प्रभाकर संझगिरी यांनी मुंबईत स्थानबद्ध असताना लिहिलेल्या अणुविज्ञानावरील मराठी पुस्तकाचे हस्तलिखित प्रकाशनासाठी बाहेर पाठवू देण्याच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने 1965 साली निकाल दिला होता. मग छापील पाठ्यपुस्तक आत जाण्यास हरकत का असावी, हे मला उमगत नाही.

अशा वेळी आधी अधीक्षकांकडे लेखी अर्ज करावा, की वकिलांमार्फत थेट न्यायालयाची परवानगी मागावी? चष्म्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी पुरते का? अनुभवी सभासदांनी, विशेषतः वकील मंडळींनी, कृपया मार्गदर्शन करावे.