मदत हवी आहे: घरात पाळायला कोणती मुंगी बिनधोक? (नेरूळ)

नमस्कार मंडळी,
जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात आमच्या जिन्यातल्या ट्यूबलाइटभोवती पंखवाल्या मुंग्यांची झुंबड उडाली. सातवीतल्या चिरंजीवांनी त्यातली एक मोठी काळी डबीत धरली आणि जाहीर केलं, "बाबा, ही राणी आहे, मी वारूळ पाळणार." सासूबाई वर्षभर ज्यांच्यासाठी खडूच्या रेघा ओढतात, त्याच आता पाहुण्या म्हणून!

माझी काळजी धाकटीची. दीड वर्षाची आहे. मागे बागेत लाल मुंग्या चावल्या तर पाय दोन दिवस टम्म सुजला होता. व्हिडिओ बघावेत तर सगळे परदेशी जातींचे. आपल्याकडची, डंख न मारणारी कुठली? येऊरला जाऊन शोधू का? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १
येऊर नको. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथून मुंगीही उचलायची नाही. जिन्यातली बरी.

तुमची बहुतेक मुंगळ्याची, म्हणजे कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. हिला नांगीच नसते. चिडली तर चावते आणि फॉर्मिक आम्ल सोडते, थोडं चुरचुरतं एवढंच. शिवाय वारुळात सहसा एकच राणी, त्यामुळे चार कामकरी निसटले तरी घरात नवं वारूळ होत नाही. सासूबाईंना हे आधी सांगा.

लाल आगमुंगी (सोलेनॉप्सिस) अजिबात नको. आंब्यावर पानं शिवणारे हुमलेही नकोत, नांगी नसली तरी फार आक्रमक. झाडाच्या खोडावर काळं डोकं, मधे तांबडी, मागे काळी अशी सडपातळ मुंगी दिसली तर मुलांना लांब ठेवा. ती टेट्रापोनेरा, तिच्या डंखाने काहींना जिवावर बेतणारी ॲलर्जी होते.

आता काचेची नळी घ्या. तळाशी पाणी, त्यावर कापसाचा घट्ट बोळा, मग राणी, तोंडाला दुसरा बोळा. काळोखात ठेवा. खायला काही घालू नका, पंखांचे स्नायू जिरवून तीच पहिल्या अळ्या पोसते. महिनाभर तरी धीर धरा. रोज उजेडात काढून बघितलं तर राणी अंडीच खाऊन टाकते. (माझ्या पहिल्या दोन अशाच गेल्या.) पंख गळलेत का?

धागाकर्ता
नाही हो, पंख तसेच आहेत. डोकं मोठं, पोट जाड.

प्रतिसाद १
म्हणजे नर नाही, नर बारीक आणि छोट्या डोक्याचा असतो. पण पंख असताना धरलेली राणी कदाचित नराशी जुळलेलीच नसेल. ठेवून बघा, पण पुढच्या पावसानंतर सकाळी जिन्यात पंख टाकून चालणारी दिसली तर ती घ्या. कामकरी आल्यावर मधाचं पाणी आणि किडे द्या. पेस्ट कंट्रोल झालेल्या घरातलं झुरळ मात्र नको, अख्खं वारूळ मरेल.

धागाकर्ता
आभार! नळी धाकटीच्या हाती लागू नये म्हणून कपड्यांच्या कपाटात वरच्या खणात ठेवली आहे. तिथे डांबरगोळ्या आहेत, चालेल ना?

प्रतिसाद १
अहो, आत्ता काढा!