फवारणी किट वाटल्याने मजुराचा जीव वाचतो का?

पऱ्हाटी (धागाकर्ता)
2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन 20 हून अधिक माणसं दगावली, शेकडो भरती झाली. त्यात मजूर मोठ्या संख्येने होते. तेव्हापासून उपाय एकच: मास्क, हातमोजे, एप्रनचं किट वाटा. माझ्या मते किट हा शेवटचा उपाय आहे. डब्यावर लाल-पिवळा त्रिकोण असलेली, म्हणजे सगळ्यात विषारी औषधं पाठीवरच्या पंपातून मारणंच बंद व्हायला हवं. एफएओ-डब्ल्यूएचओ या संयुक्त राष्ट्रांच्या अन्न-शेती आणि आरोग्य संघटनांच्या कीटकनाशक आचारसंहितेतही आहे की ज्या औषधाला गैरसोयीची, महाग किंवा सहज न मिळणारी साधनं लागतात, ते उष्ण प्रदेशातल्या छोट्या शेतकऱ्यांनी आणि मजुरांनी टाळावं.

कृषिकेंद्र_काउंटर
सरसकट बंदी मागणं सोपं आहे. मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात गुलाबी बोंडअळीचे आठ-आठ पतंग सलग तीन रात्री सापडले की हातात मोजके दिवस उरतात. अळी बोंडात शिरली की औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. तेव्हा 5 टक्के निंबोळी अर्कावर कोण थांबेल? घात वापरात होतो. दोन-तीन औषधं आणि वर टॉनिक एकाच टाकीत, मात्रा बाटलीच्या झाकणाने, फवारणी भर दुपारी, नोझल तुंबलं की तोंडाने फुंकर! सकाळी 10 च्या आत किंवा दुपारी 4 नंतर फवारा, वारा पाठीशी किंवा बाजूने घ्या, ओल्या ओळीत परत शिरू नका. आणि किट धड द्या.

रानवाट
धड किट म्हणजे काय तेही बोलू. कापडी मास्कने धूळ अडते, औषधाची वाफ नाही; त्याला कोळशाच्या काडतुसाचा मास्क लागतो आणि काडतूस वेळेवर बदलावं लागतं. कापडी हातमोजे औषध शोषून कातडीला चिकटवून ठेवतात, नायट्राइल रबराचे हवेत. डोक्याएवढ्या कपाशीत लान्स (फवारणीची नळी) वर धरला की द्रव कोपराकडे ओघळतो, म्हणून बाही हातमोज्याच्या आत आणि मोज्याची कड बाहेर दुमडलेली. पँट मात्र बुटाच्या बाहेरून.

आता पाठ बघा. 16 लिटरच्या टाकीच्या झाकणाचा वॉशर झिजला की वाकताना द्रव पाठीवरून कमरेत, तिथून जांघेत उतरतो. तिथली कातडी विष फार लवकर शोषते, आणि पुढून बांधलेला एप्रन तिथे काही कामाचा नाही. एकरी 200 लिटर म्हणजे 12-13 पंप, तेही ऑक्टोबरच्या उन्हात. सगळं अंगावर चढवून हे होत नाही. किट काढून ठेवणाऱ्या मजुराला निष्काळजी म्हणणं अन्याय आहे.

कृषिकेंद्र_काउंटर
मग ड्रोन वापरा. एकरी 10 लिटर पाण्यात काम होतं, माणूस लांब राहतो.

रानवाट
पाणी कमी म्हणजे द्रावण तेवढंच तीव्र, थेंबही बारीक. शेजारच्या रानात निंदणाऱ्या बायकांना कोण उठवणार?

वॉर्ड_ड्यूटी
दोघांनाही: उपचाराचं बोला. बाहुल्या टाचणीएवढ्या, लाळ, घाम, जुलाब, नाडी मंद, ही प्रोफेनोफॉससारख्या ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांच्या विषबाधेची लक्षणं. त्यावर अॅट्रोपिन हा उतारा चालतो. डायफेंथियुरॉन या दुसऱ्या कीटकनाशकाला नेमका उतारा नाही. म्हणून रुग्णासोबत बाटली किंवा निदान लेबल आणाच. कपडे शेतातच उतरवा, अंग साबणाने धुवा. ते कपडे घरच्या धुण्यात मिसळले की धुणारीच्या हाताला तेच विष लागतं. रिकामा डबा तीनदा खळखळून, भोक पाडून ठेवा, नाहीतर त्यात पिण्याचं पाणी भरलं जातं.

कृषिकेंद्र_काउंटर
लेबलचं पटलं. पक्क्या बिलावर औषधाचं नाव आणि बॅच असते, मजुराकडे त्याची प्रत द्यायला हवी. बंदीला विरोध कायम.

पऱ्हाटी
बंदी होऊ शकते. 2023 मध्ये केंद्राने मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाच्या 36 टक्के द्रावणावर बंदीची अधिसूचना काढलीच. आणि मजूर दगावला तर? गोपीनाथ मुंडे अपघात योजनेतले 2 लाख सातबाऱ्यावरच्या शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एकाला मिळतात. भूमिहीन फवारणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नसतं, म्हणून त्याच्या बायकोचा अर्जच बसत नाही. किटच्या बाजूने बोलणाऱ्यांनी आधी याचं उत्तर द्यावं.