विषय: आरएक्स-८ चे सुटे भाग विकणे आहे

नाना, दांडिया बाजार

मंडळी, स.न.वि.वि.

सिंगापूरहून परतताना आणलेली माझी माझ्दा आरएक्स-८ बऱ्याच जणांनी कोजागिरीला पाहिली आहे. निम्म्यांनी तर मागची उलटी दारं उघडून फोटोही काढले होते. गेल्या महिन्यात बडोद्याजवळ हालोल रोडवर रात्री नीलगाय आडवी आली. (इथे तिला रोझ म्हणतात, हे मला गाडी ठोकल्यावर कळलं.) आम्ही दोघं खरचटण्यावर सुटलो. गाडीचं पुढचं तोंड मात्र पार आत गेलं.

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेल्यामुळे सर्व्हेअरने टोटल लॉस धरला. सांगाड्याची किंमत वजा करून क्लेम घेतला, म्हणून सांगाडा माझ्याकडेच आहे. भंगारवाला वजनावर मागतोय, आणि ते जिवावर येतं. डाव्या बाजूची दोन्ही दारं, मागचे दिवे, डिक्कीचं झाकण, गिअरबॉक्स, तीन अलॉय चाकं, चारही सीटा आणि एअरबॅग उरल्यात. पुढच्या फुटल्या, बाजूच्या शाबूत आहेत. इंजिन चालू स्थितीत होतं. भाव बोलून ठरवू.

आप्पा, मांजलपूर

नाना, भाव राहू द्या, आरसीचं (नोंदणीपुस्तकाचं) काय केलंत? मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ बघा. गाडी कायमची निकामी झाली की १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते. तुमचा महिना होऊन गेला! उद्याच जा. चेसिस नंबरचा पत्रा सांगाड्यासोबत कुणाच्या हाती लागू देऊ नका. तो चोरीच्या गाडीवर चढला की पोलीस पत्ता विचारत दांडिया बाजारातच येणार. इंजिन द्याल त्याच्याकडून नंबर घातलेली, सही केलेली पावती घ्या. नोकरीत असताना असली प्रकरणं टेबलावर आलेली आहेत, म्हणून सांगतो.

मूळचा रावपुऱ्याचा, सध्या मेलबर्न

नानाकाका, गाडीचं वाचून वाईट वाटलं. पण ‘चालू स्थितीत होतं’ एवढ्यावर हे इंजिन कुणी घेणार नाही. यात पिस्टन नाहीत. ६५४ सीसीचे दोन त्रिकोणी रोटर, मिळून १३०८. रोटरच्या टोकांवरची सील झिजतात, आणि झिजली तरी गाडी बरेच दिवस चालत राहते. एका रोटरला तीन बाजू, म्हणून कॉम्प्रेशनचे (आतल्या दाबाचे) आकडेही तीन हवेत. मिस्त्रीचा नेहमीचा गेज त्यातला सगळ्यात मोठा तेवढा दाखवतो आणि मेलेली बाजू लपून राहते. रोटरीचा टेस्टर लावा. २५० आरपीएमला ६८० किलोपास्कलच्या खाली एकही बाजू नको. इंजिन ऑईल पितं म्हणून गिऱ्हाईक भाव पाडायला लागलं तर ऐकू नका. सील भिजवायला ते थोडं ऑईल मुद्दामच जाळतं.

आणि एअरबॅग यादीतून काढाच. टकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅग परत मागवल्या, त्या रिकॉलमध्ये आरएक्स-८ होती. आत स्फोटक भरलेली जुनी वस्तू टेम्पोत घालून कुणाच्या घरी कशाला पाठवायची? पुढच्या फुटल्या त्या वेळी सीटचे पट्टेही आवळले गेले असतील, मग तेही बाद.

वहिनी, अलकापुरी

नाना, ते तीन अलॉय आमच्या जुन्या सिव्हिकला बसतील का? आमचे हे म्हणतात बसतील, पण त्यांना सगळंच बसतं. आणि मागच्या सीटा वेगळ्या देणार का?

नाना, दांडिया बाजार

आरटीओत जाऊन आलो. उशीर का, म्हणून विचारलं. क्लेमची कागदं दाखवली, अर्ज घेतला. आप्पा, पावतीचा नमुना तुम्हीच करून द्या.

टेस्टर बडोद्यात मिळाला नाही. पुण्याचा एक मुलगा घेऊन आला. रेडिएटरचा चुराडा झालेला, त्यामुळे इंजिन सुरू करायचा प्रश्नच नव्हता. बाहेरून बॅटरी जोडून नुसतं स्टार्टरवर फिरवलं. पुढचा रोटर ७६०, ७५०, ७७०. मागचा ७३०, ७४०, आणि तिसऱ्या बाजूला ५९०. आधी आमच्या मिस्त्रीने गेज लावला होता, त्यावर मागचा ७४० दिसला होता आणि मी पेढे आणायला निघालो होतो. तेव्हा इंजिन ‘खोलून बांधायला’ म्हणूनच जाईल, आकडे लिहून. एअरबॅग आणि पट्टे यादीतून काढले.

वहिनी, बोल्ट जुळतात, दोन्हीकडे पाच बोल्ट आणि त्यांचं वर्तुळ ११४.३ मिमी. मधलं भोक माझ्दाचं ६७.१ मिमी, सिव्हिकचं ६४.१, म्हणजे रिंग घालावी लागेल. पण तीन अलॉयवर सिव्हिक कशी चालवणार ते तुमच्या यांना विचारा. चौथा रोझने वाकवला.

दारं जोडीनेच देणार. पुढचं दार मागच्यावर अडकतं, एकटं नेऊन कुणाला उपयोग नाही. रविवारी अकराच्या आत या, टेम्पो आपापला आणा.

ता.क. मागच्या सीटा विकायच्या नाहीत. हिने ओटीवरच्या झोपाळ्याला माप लावून पाहिलंय.